एकोणिसावं छिद्र

रविवारी दुपारी दोनच्या सुमाराला सगळे घरच्या ब्रेक-डिस्कच्या कारखान्याच्या माडीवर जमले, तेव्हा आत्यानं खिडकीजवळची आपली खुर्ची आधीच धरून ठेवली होती. पत्रा कापायचा पहिला प्रेस ज्या खोक्यातून आला त्याच्या फळ्या जोडून तिच्या भावानं, म्हणजे मिस्त्रींनी, ती खुर्ची तिच्यासाठी केली होती. दुसरं कुणी बसलं की ती मोडते, हा आत्यानंच पसरवलेला समज इतकी वर्षं टिकून होता. दोनदा ती खरोखरच मोडली होती. त्यातल्या एका वेळी आत्यानं स्क्रू आधी सैल करून ठेवला होता, पण ते जाऊ दे.

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात आत्यानं जितक्या थापा मारल्या, तितके ब्रेक कारखान्याच्या डिस्कांनीही मारले नसतील. लहान पोरं तिला तोंडावर थापाआत्या म्हणत आणि ती ओ देत असे. आपली डिस्क लावलेली एक स्कूटर उतारावर इतकी चटकन थांबली की तिची सावली दहा पावलं तशीच पुढं गेली आणि मग ओशाळून परत आली, हा किस्सा तिचाच. तो ऐकून एका घाऊक व्यापाऱ्यानं दोन पेट्या जास्तीच्या नेल्या होत्या. सावली परत आली नसती तर चार नेल्या असत्या, असं ती म्हणे.

आज मात्र कुणी किस्से ऐकायला आलेलं नव्हतं. खाली मशिनं बंद होती, तेलाचा वास तेवढा जिना चढून वर आला होता. टेबलावर दोन डिस्क मांडलेल्या होत्या. एक स्कूटरची, ताटलीएवढी. दुसरी मोटरसायकलची, ताटाहून थोरली. त्यांच्यामध्ये एक छापील फॉर्म होता आणि फॉर्मवर पेन घेऊन मिस्त्रींच्या थोरल्या मुलाची मुलगी बसली होती. पेन्सिल हातात धरता येऊ लागली तेव्हापासून ती भिंतीवर चाकं काढी, म्हणून घरात तिचं नावच नकाशावाली पडलं होतं. शिकून आल्यावर गेली चार वर्षं कारखान्याचे सगळे नकाशे तिच्याच हातचे.

मिस्त्री, म्हणजे मुलांचे आप्पा, जाऊन अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून कारखाना त्यांचा थोरला मुलगा बघायचा. त्याच्या तोंडून वाक्य काढणं म्हणजे गंजलेला नट फिरवणं. त्याची बायको, घरातली थोरली सून, तपासणीच्या टेबलावर बसे. तिच्या नजरेतून केसाएवढा ओरखडा सुटत नसे आणि तीही आठवड्याला मोजून चार वाक्यं बोले. ह्या दोघांचा संसार बहुधा खाणाखुणांवरच झाला असावा, असं आत्याचं मत होतं. थोरल्याच्या धाकट्या भावानं मात्र दोघांच्या वाटणीचंही बोलून घेतलं होतं. तो माल विकायचा. बंद पडलेलं घड्याळ, दिवसातून दोनदा तरी बरोबर वेळ दाखवतं ह्या गुणावर विकून आलेला माणूस तो.

फॉर्म त्यानंच आणला होता. एका मोटरसायकलवाल्या कंपनीच्या दारात दोन महिने चपला झिजवून. कंपनीला पुढच्या चाकासाठी डिस्क हवी होती. तुम्ही आजवर फक्त स्कूटरच्या केल्यात, तेव्हा तुमची आताची डिस्क आणि आमच्यासाठी करणार ती डिस्क यांची ओळीनं तुलना करा, प्रत्येक फरकापुढं कारण लिहा आणि खाली जबाबदार माणसानं सही करून सोमवारी सकाळी द्या, असं त्यांचं म्हणणं. जबाबदार माणूस म्हणजे नकाशावाली. सही तिची जाणार होती.

पहिल्या काही ओळी गप्पा मारता मारता भरून झाल्या. व्यास, स्कूटरचा बावीस सेंटिमीटर, मोटरसायकलचा तीस. कारण काय, असं धाकट्यानं उगाच परीक्षा घेतल्यासारखं विचारलं. पुतणीनं त्याला उठवून दाराशी नेलं आणि आधी बिजागरीजवळ बोट लावून दार ढकलायला सांगितलं, मग कडेला. कडेला एका बोटानं ढकललं जातं, बिजागरीजवळ तळहात लावावा लागतो. ब्रेकचे पॅड डिस्कला मध्यापासून जितके लांब धरतील तितका हाताचा जोर कमी लागतो. मग स्कूटरलाही मोठी का लावत नाहीत, ह्यावर ती म्हणाली की स्कूटरचं चाकच इवलंसं, त्यात मोठी डिस्क मावणार कुठं, आणि तिला तेवढी गरजही नसते.

पुढची ओळ कडेची. स्कूटरच्या डिस्कची कड सरळ गोल, मोटरसायकलची लाटेसारखी वरखाली. वजन थोडं उतरतं आणि फिरताना त्या खळग्यांच्या कडा पॅडवरची माती खरवडून काढतात, असं तिनं लिहिलं. धाकट्याला ती पाकळ्या-पाकळ्यांची कड विकायला फार आवडली. त्यापुढची ओळ बांधणीची. स्कूटरची डिस्क सगळी एका पत्र्यातली. मोटरसायकलची दोन तुकड्यांची, बाहेर पोलादी कडं आणि आत हलक्या धातूचा मधला भाग, दोन्ही दहा पिनांनी एकमेकांना धरलेले, पण किंचित सैल. तापलं की कडं पसरतं. त्याला हलायला जागा ठेवली नाही तर ते उन्हात विसरलेल्या प्लास्टिकच्या झाकणासारखं वाकतं.

“माणसांचंही तसंच असतं,” आत्या म्हणाली. “किंचित सैल धरावं.”

तिला वाटलं, थोरला हसेल. तो खाली बघत होता. पुढची ओळ छिद्रांची होती, हे सगळ्यांना दिसत होतं.

आता त्या छिद्राचं. ह्या कारखान्याच्या स्कूटरच्या डिस्कला एकोणीस छिद्रं असत. अठरा अगदी समान अंतरावर, घड्याळात आकडे मांडावेत तशी, आणि एकोणिसावं सातव्या-आठव्याच्या मध्ये, जरा तिरकं, बसच्या बाकावर तिसरा माणूस घुसून बसावा तसं. जगात दुसऱ्या कुणाच्या डिस्कला ते नव्हतं. ते श्वासाचं छिद्र. डिस्क तापली की त्यातून श्वास घेते आणि गाडी वीत-दोन वीत आधी थांबते. मिस्त्रींना ते कसं सुचलं, ह्याच्या तीन हकिकती होत्या आणि तिन्ही आत्याच्या होत्या. बाजारात दुकानदार डिस्क हातात घेऊन आधी ते छिद्र शोधत आणि मगच माल उतरवून घेत. संगणकावर चालणारं नवं मशीन आलं तेव्हा त्यालाही ते शिकवावं लागलं. मशीन बसवायला आलेला माणूस, तुमच्या नकाशात चूक आहे, असं तीनदा म्हणाला. तिन्ही वेळा त्याला चहा पाजण्यात आला.

“स्कूटर, एकोणीस छिद्रं,” नकाशावाली लिहिता लिहिता म्हणाली. “मोटरसायकल, छत्तीस. सहा-सहाचे सहा गट. जादा छिद्र नाही.”

“ते राहील,” थोरला म्हणाला.

तिला ह्याची कल्पना असणार. तिनं पिशवीतून तिसरी डिस्क काढली आणि बापासमोर ठेवली. थोरल्याच्या हट्टाखातर तिनं मोटरसायकलच्या नमुन्यातही ते श्वासाचं छिद्र पाडून पाहिलं होतं. मग महिनाभर तो नमुना भट्टीत तापवायचा आणि बाहेर काढून गार करायचा, असं दोनशे वेळा केलं. शेवटी लाल रंग लावून पुसला. सगळा रंग निघाला, फक्त जादा छिद्रापासून शेजारच्या छिद्रापर्यंत एक लाल रेघ उरली. केसाहून बारीक. दोन छिद्रांमध्ये धातूच कमी उरल्यानं तिथं चीर पडली होती.

स्कूटरच्या डिस्कवर हेच केलं तर काही होत नाही, असं तिनं आपणहून सांगितलं. वेग दुप्पट झाला की ताप चौपट होतो. स्कूटर बिचारी तेवढी तापतच नाही, म्हणून ते छिद्र इतकी वर्षं खपून गेलं. मोटरसायकलला ते खपणार नाही. थोरली सून म्हणजे तिची आई. तिनं डिस्क उचलून खिडकीच्या उजेडात धरली, रेघ पाहिली आणि डिस्क परत ठेवली.

“नुसतं काढून टाकता येईल,” नकाशावाली म्हणाली. “पण फॉर्ममध्ये विचारलंय. स्कूटरला आहे आणि मोटरसायकलला नाही, तर का. आधी होतं ते कशासाठी होतं. काय लिहू, बाबा? डिस्क श्वास घेते असं लिहून मी खाली सही करू?”

थोरल्यानं बराच वेळ पेल्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मग गंजलेला नट फिरला. “मोटरसायकल नकोच. आपण स्कूटरच्या करत आलो, करत राहू.”

आत्यानं धाकट्याकडे पाहिलं. दोन महिने ज्यानं त्या कंपनीच्या शिपायाच्या मुलीच्या शाळेपर्यंत ओळखी काढल्या तो आता टेबलावर मूठ आपटणार, ही तिची खात्री. येताना जिन्यात तोच पुतणीला म्हणत होता की घाबरू नकोस, मी तुझ्या बाजूनं आहे.

“दादा म्हणतो ते बरोबर आहे,” धाकटा म्हणाला. “स्कूटरचं बरं चाललंय आपलं.”

“मलाही तसंच वाटतं,” थोरली सून म्हणाली. आठवड्यातलं एक वाक्य तिनं तिथं खर्च केलं, आणि तेही पोटच्या पोरीच्या विरुद्ध.

नकाशावालीनं तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. ती म्हणाली की दुसऱ्या शहरातल्या एका कारखान्यानं तिला बोलावलंय. मोठं काम आहे, मोटरसायकलच्या डिस्कांचंच. तिनं आठ दिवस त्यांना झुलवत ठेवलं, कारण तिला जायचं नाहीये. आज पाच वाजता ते फोन करणार आहेत. “इथं मी एका छिद्राचं कारण विचारू शकत नसेन, तर मी इथं फक्त रेघा ओढायला आहे. रेघा ओढायला मशीन पुरे.”

भिंतीवरचं घड्याळ साडेचार दाखवत होतं.

आत्या मात्र खुर्चीत सावरून बसली. कारण, त्या छिद्राचं कारण जगात एकाच माणसाला ठाऊक आहे आणि तो माणूस मोडक्या खुर्चीवर बसलाय, असा तिचा समज होता.

चौतीस वर्षांपूर्वी ती सासरचं घर कायमचं सोडून एका ट्रंकेनिशी भावाकडे आली होती. चव्वेचाळीस वर्षांची बाई, हाताला काम नाही. भावानं एका शब्दानं काही विचारलं नाही. ड्रिलच्या मशीनपाशी उभं केलं आणि म्हणाला, तुझे हात स्थिर आहेत, तू हे कर. त्या वेळी छिद्रं पाडायला जिग असे, म्हणजे जाड पोलादाची एक चकती. ती डिस्कवर बसवायची आणि तिच्या भोकांतून ड्रिल खाली सोडायचं, की सगळ्या डिस्कांना सारख्या जागी छिद्रं पडतात. ती जिग करायला भावाला महिना लागला होता. शेवटच्या दिवशी तिची छिद्रं पाडायचं काम त्यानं बहिणीवर सोपवलं. त्यापुढं जे झालं ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. इतक्या गोष्टी सांगितल्या, हीच तेवढी राहिली होती.

“तुम्ही जरा गप्प बसा सगळे,” आत्या म्हणाली. कुणीच बोलत नव्हतं, तरी म्हणाली. “ते छिद्र मी पाडलंय.”

धाकटा आताच गालात हसू लागला.

“शेजारच्या मशीनवरच्या बाईला मी गोष्ट सांगत होते. सात छिद्रं झाली होती. गोष्ट रंगली आणि माझा हात आठव्याच्या खुणेवर जायच्या आधीच खाली गेला. मधेच. जिगमध्येच भोक पडलं, म्हणजे आता प्रत्येक डिस्कला पडणार. महिन्याचं काम. मला वाटलं, भाऊ आता म्हणेल, बाई, तू ट्रंक भर. म्हणून मी त्याला सांगितलं की लांबच्या एका कारखान्यात असं जादा छिद्र मुद्दाम ठेवतात, डिस्कला श्वास घ्यायला. त्यानं ते छिद्र बघितलं. माझ्याकडे बघितलं. म्हणाला, असं होय, मग राहू दे. श्वासबिस काही नाही. माझी मोजायची चूक आहे ती.”

धाकटा मोठ्यानं हसला. काय पण थाप काढलीस म्हणाला, ह्या वर्षातली सगळ्यात भारी. थोरली सूनही पदर तोंडाला लावून हसली, आत्याबाईंचं आपलं काहीतरीच, असं पुटपुटत. आठवड्याचं दुसरं वाक्य. नकाशावाली हसली नाही. ती बापाकडे बघत होती आणि बाप पेल्याच्या तळात बघत होता.

आत्याला आधी वाईट वाटलं. जन्मभर खोटं पचलं आणि नेमकं खरं घशात अडकलं. पण आयुष्यभर गोष्टी सांगणाऱ्या माणसाला एक गोष्ट कळते, ती म्हणजे ऐकणारा कुठं हसेल. चांगला किस्सा असला की हसू त्याच्या वळणावर येतं, थोडं उशिरा, कारण माणूस आधी चकतो. ही दोघं जराही न चकता हसली होती. धाकटा तर पहिल्या वाक्याला. गोष्ट आधी ऐकलेला माणूसच असा हसतो.

ती उठली, टेबलापाशी आली आणि थोरल्यासमोर दोन्ही हात टेकून उभी राहिली.

“तुला कधीपासून ठाऊक आहे?”

थोरल्यानं इकडं तिकडं पाहिलं. बायकोनं मान किंचित हलवली, सांगून टाका अशी. संसार खाणाखुणांवर झाला होता, हे खरंच होतं म्हणायचं.

“आप्पांनी सांगितलं. शेवटच्या वर्षी,” तो म्हणाला. “म्हणाले, तिनं जिग बिघडवली आणि इतकी घाबरली की मला एक गोष्ट सांगितली. ती मला पटली असं मी दाखवलं. आता ते छिद्र बंद केलं तर तिला कळेल की मला तेव्हाच कळलं होतं. ती आहे तोवर राहू दे.”

भाऊ किती साधा, कशावरही विश्वास ठेवतो, असं आत्या अकरा वर्षं त्याच्या माघारी सांगत आली होती. त्यावर सगळे माना डोलावत आले होते.

“आणि तू?” तिनं धाकट्याला विचारलं.

“मला दादानं सांगितलं. पण मला आधीच ठाऊक होतं,” धाकटा म्हणाला. “आप्पांनी मलाही वेगळं घेऊन सांगितलं होतं, दादाला सांगू नकोस म्हणून.”

थोरल्या सुनेला कुणी विचारलं नाही. तिनं आपणहूनच सांगितलं की तिला सासऱ्यांनी काही सांगितलेलं नाही. रोज दीडशे डिस्क डोळ्यांखालून जातात, एक छिद्र चुकून पडलंय की मुद्दाम, हे तिला पहिल्या आठवड्यातच दिसलं होतं. मुद्दाम पाडलेलं छिद्र तिरकं नसतं.

“म्हणजे,” आत्या सावकाश म्हणाली, “एक छिद्र कमी करायला तुम्ही सगळे माझ्या मरणाची वाट बघत होता.”

“घाई नव्हती, आत्या,” धाकटा म्हणाला.

ती हसली. हसताना तिला डोळे पुसावे लागले आणि पुसता पुसता तिला राग आला. बऱ्याच वर्षांत ती अशी रागावली नव्हती. माझं मन राखायला तुम्ही चांगली चालून आलेली कंपनी सोडता, ते एक वेळ ठीक, असं तिनं त्यांना सुनावलं. पण ही पोर चालली होती. माझं तोंड काळं होऊ नये म्हणून तुम्ही तिचं चंबूगबाळं आवरायला निघालात? मी ट्रंक घेऊन ह्या घरात आले, आणि माझ्याच चुकीपायी तिनं ट्रंक घेऊन ह्या घरातून जायचं? भावाला हे चाललं असतं असं वाटतं तुम्हाला?

थोरल्यानं मान खाली घातली.

“तिला का नाही सांगितलंत?”

“तिला सांगितलं असतं तर तिनं फॉर्ममध्ये लिहिलं असतं,” थोरला म्हणाला.

“लिहिणारच आहे,” नकाशावाली म्हणाली.

“लिही,” आत्या म्हणाली. “मी सांगते.” आणि तिथल्या तिथं तिनं आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट एका ओळीत बसवली. स्कूटरच्या डिस्कचं एकोणिसावं छिद्र, कारण, जुन्या जिगमधली मोजणीची चूक. उपयोग काही नाही. मोटरसायकलला ठेवलेलं नाही. धाकट्यानं मध्येच, 'परंपरेनं राखलेली' असा शब्द घालता येईल, असं सुचवून पाहिलं. बाजाराला आपण काय तोंड दाखवायचं, हाही त्याचा प्रश्न होता. आत्या म्हणाली, बाजाराचं मी बघते, बाजाराला मी उद्या चौथी हकिकत देईन. फॉर्मला खरं दे.

नकाशावालीनं लिहिलं. खाली सहीची जागा होती. पेन तिथवर गेलं आणि थांबलं.

आत्याला वाटलं, पोर विरघळली, आता रडेल. पण नकाशावाली रडणाऱ्यातली नव्हती. तिच्या कपाळावर आठी होती. पेन तिनं हळूहळू कागदावरून वर नेलं, एकेका ओळीवर थांबत, थेट पहिल्या ओळीपर्यंत. मोटरसायकलच्या बाजूची सगळी कारणं तिची स्वतःची होती, करून पाहिलेली. स्कूटरच्या बाजूची तिला घरातूनच मिळाली होती. आमच्याकडे असंच करतात, आजोबांनी ठरवलंय.

“आई, बाबा, काका,” ती म्हणाली. “ह्या स्कूटरच्या डिस्कमध्ये अजून किती गोष्टी अशा आहेत? कुणाचं तरी मन राखायला ठेवलेल्या?”

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती चालू होऊन निघून गेली. थोरला छताकडे बघत होता. धाकट्याला अचानक आपल्या नखांमध्ये रस वाटू लागला होता. आत्यानं तिघांचे चेहरे पाहिले आणि ती परत आपल्या खुर्चीत जाऊन बसली. आता जे येणार होतं ते तिचं नव्हतं, आणि दुसऱ्याची गोष्ट ऐकायला मिळण्याची संधी तिला फारशी येत नसे.

शेवटी थोरली सून बोलली. आठवड्याचा हिशेब तिनं सोडूनच दिला.

“कडा आपण दोनदा घासतो,” ती लेकीला म्हणाली. “सगळीकडे एकदा घासतात. मी लग्न होऊन आले त्या महिन्यात डिस्क पुसताना माझा अंगठा कापला होता. थोडासाच. मामंजींनी दुसऱ्या दिवसापासून दोनदा घासायला लावलं. मला कारण सांगितलं की पॅड जास्त टिकतात.”

“टिकतात?”

“नाही. मी मोजून पाहिलंय. तीस वर्षांत काही फरक नाही.”

थोरल्यानं मान वळवून बायकोकडे पाहिलं. “तुला ठाऊक होतं?”

“तुम्हाला ठाऊक आहे हेही ठाऊक होतं,” ती म्हणाली. “एकदा घासा म्हणायचं कसं. इतक्या प्रेमानं दोनदा घासत होतात.”

थोरला लाजला. सत्तावन्न वर्षांचा, कानाच्या पाळीपर्यंत. आत्यानं ते मनात नोंदवून ठेवलं. नकाशावालीनं पिशवीतून कोरा कागद काढला, वर ‘स्कूटर’ असं लिहून खाली रेघ मारली आणि पहिला आकडा टाकला.

धाकट्यानं घसा खाकरला. “ते जाडीचं म्हणशील तर,” तो म्हणाला, “त्यात दादाची काही चूक नाही, म्हणजे तशी आहे, पण त्या वेळी तो आजारी होता आणि...”

“कोण आजारी होतं?” थोरला ताठ बसला. “जाडीत काय चूक आहे?”

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. पाचला दहा मिनिटं कमी होती. फोन करणारी माणसं वेळेच्या आधीची होती, म्हणजे शिस्तीची होती, म्हणजे तिथं प्रत्येक छिद्राला कारण असणार, हे सगळ्यांच्याच मनात येऊन गेलं. नकाशावालीनं हात वर करून काकाला थांबवलं आणि फोन कानाला लावला.

ती नम्रपणे बोलली. आभार मानले, आठ दिवस थांबवल्याबद्दल माफी मागितली. मग म्हणाली की तिला यायला जमणार नाही, इथं काम निघालंय. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. बहुधा, किती दिवसांचं काम आहे, संपल्यावर याल का. तिनं टेबलाभोवतीच्या माणसांकडे पाहिलं. लाजलेला बाप, अंगठा चोळत बसलेली आई, तोंड उघडं ठेवून थांबलेला काका, आणि खुर्चीच्या कडेपर्यंत पुढं सरकून आलेली आत्याआजी.

“चौतीस वर्षांचं साठलंय,” ती म्हणाली. “नाही, संपेल असं वाटत नाही.”

फोन खाली ठेवून तिनं मोटरसायकलच्या फॉर्मवर सही केली, तो बाजूला सरकवला आणि कोऱ्या कागदावर दुसरा आकडा टाकला.

“हं, काका. जाडीचं काय म्हणत होतास?”